कशातच राम राहिला नाही, असं कुणी म्हणालं तर

निफाड तालुक्यातल्या एका काकांपासून सुरुवात करते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. वय पंचावन्नच्या आसपास, चार एकर द्राक्षबाग, दोन मुलं, कर्ज आहे पण झेपेल इतकं. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर त्यांची पाठ दुखायला लागली. मग पोट बिघडलं. मग पहाटे तीनला जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही. पिंपळगावला सोनोग्राफी झाली, नाशिकला एमआरआय झाला, रक्त दोनदा तपासून झालं. सगळं नॉर्मल. घरचे म्हणाले, बघा, तुम्हाला काही झालेलं नाही, उगाच मनाला लावून घेता.

"मी उदास आहे" असं काका एकदाही म्हणाले नव्हते. थोरल्या मुलाला शंका आली ती मिसळीवरून. दर रविवारी सकाळी काका आणि त्यांचे दोन मित्र मोटारसायकल काढून नाशिकला मिसळ खायला यायचे. वीस वर्षांचा नेम होता, तो मोडला. मुलाने एकदा बळेच नेलं, तर दोन घास खाऊन त्यांनी प्लेट पुढे सरकवली. रस्सा परत मागितला नाही. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "कशातच राम राहिला नाही रे आता."

मी डॉक्टर नाही. नऊ वर्षांपूर्वी मी स्वतः नैराश्याच्या आजारातून गेले. आता माझ्यासारख्याच बऱ्या झालेल्या चारपाच जणी आम्ही दर शनिवारी इंदिरानगरात एकीच्या हॉलमध्ये बसतो, आणि ज्यांच्या घरी असं कुणी आजारी आहे ते लोक तिथे येतात. काकांचा मुलगाही तिथेच आला होता. त्याने ते वाक्य सांगितलं तेव्हा मला वाटलं, आजाराची व्याख्या याहून सोपी करून सांगता येणार नाही. नैराश्य ओळखताना डॉक्टर दोन मुख्य खुणा बघतात. एक, मन सतत खिन्न असणं. दुसरी, आधी ज्यात जीव रमायचा त्यातला रस आटणं. दोन्हींपैकी एक असली तरी पुरते. म्हणजे माणूस रडत नसेल, हसूनखेळून बोलत असेल, आणि तरीही आजारी असेल. काका रडले नव्हते. त्यांच्यातला राम तेवढा निघून गेला होता.

या दोन खुणांखेरीज आणखी सात आहेत. झोप उडणं किंवा फार येणं, भूक किंवा वजन बदलणं, अंगात त्राण नसणं, हालचाल मंदावणं किंवा उलट एका जागी बसवेनासं होणं, लक्ष न लागणं आणि साधा निर्णयही न घेता येणं, आपण कुचकामी आहोत अशी टोचणी, आणि मरणाचे विचार. नऊपैकी पाच किंवा जास्त खुणा, त्यात पहिल्या दोनांतली एक तरी, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, आणि त्यामुळे रोजचं काम अडलेलं असेल, तर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. वडील गेल्यावर, माल पडेल भावाने विकावा लागल्यावर, परीक्षेत नापास झाल्यावर मन खचतं, पण ते दुःख लाटांसारखं येतं. मधे एखादं नातवंड मांडीवर येऊन बसलं की घटकाभर तरी चेहरा उजळतो. आजारात तो उजळत नाही, किंवा उजळला तरी ते आतपर्यंत पोचत नाही.

दुखणं अंगातून बोलतं, ही आपल्याकडची मोठी अडचण आहे. पाठ, डोकं, छातीत धडधड, पित्त, हातापायांची आग. हे नाटक नसतं, दुखत असतंच. झोप, भूक, वेदना आणि मनःस्थिती यांचा कारभार मेंदूत इतका एकमेकांत गुंतलेला आहे की एक बिघडलं की बाकीचं बिघडतं. उलटही होतं. थायरॉइड मंद असेल, ब १२ जीवनसत्त्व कमी असेल, रक्त कमी असेल, तर माणूस हुबेहूब नैराश्यासारखा दिसू शकतो. म्हणून रक्त तपासणं योग्यच. फक्त ते नॉर्मल आलं की तपास संपला असं समजू नये.

आता "का झालं?" हा प्रश्न. घरातला प्रत्येक जण तो आधी विचारतो, आणि बहुतेकदा तो रुग्णाला आरोपासारखा ऐकू येतो. एकच कारण सहसा नसतं. जुळ्यांवरच्या अभ्यासांवरून दिसतं की नैराश्य होण्यातल्या माणसामाणसातल्या फरकापैकी साधारण ३५ ते ४० टक्के वाटा आनुवंशिकतेचा आहे. बाकीचा आयुष्याचा: लहानपणीचे घाव, दीर्घ ताण, एकटेपणा, बाळंतपण, दारू, मधुमेहासारखे जुने आजार. "मेंदूत सेरोटोनिन कमी होतं म्हणून नैराश्य येतं" असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. ते फारच ढोबळ आहे, आणि आज मेंदूवर काम करणारे लोक इतकं सरळ समीकरण मांडत नाहीत. औषधं सेरोटोनिनवर काम करतात आणि अनेकांना उपयोगी पडतात हे खरं आहे, पण क्रोसिनने डोकं थांबतं म्हणून डोकेदुखी क्रोसिनच्या कमतरतेने होते असं आपण म्हणत नाही. मला विचाराल तर "का"वर पहिले सहा महिने घालवू नयेत. पाय मोडल्यावर आधी प्लास्टर घालतात, खड्डा कुणी खणला ते नंतर बघतात.

किती लोकांना होतं? बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात प्रौढांपैकी दर वीसजणांत एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य आल्याचं दिसलं, आणि अशा रुग्णांपैकी शंभरातले सुमारे ८५ जण उपचारांविना होते. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता, पण आपल्याकडचं चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. सुरुवातीला तिथल्या नैराश्य असलेल्या लोकांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचार घेत होते. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर बोलायला लावलं, तर दीड वर्षाने हा आकडा २७.२ टक्क्यांवर गेला. मनोविकारतज्ज्ञांची फौज आणली नव्हती. गावातल्या ओळखीच्या माणसाने दारात बसून विषय काढला होता.

उपचारांबद्दल

नाशिकमध्ये मनोविकारतज्ज्ञांचे खासगी दवाखाने पुष्कळ आहेत. परवडत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसिक आजारांची ओपीडी आहे. केसपेपर काढून रांगेत बसायचं, एवढंच. गावाकडून येणारे विचारतात, "येरवड्याच्या मनोरुग्णालयात तर नाही ना पाठवणार?" नाही. नैराश्याचे बहुतेक रुग्ण घरी राहूनच बरे होतात. घरबसल्या बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. रुग्णच लागतो असं नाही. घरातल्या माणसाने "मी काय करू?" विचारायला फोन केला तरी चालतो.

गोळ्या लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. सौम्य नैराश्यात नुसत्या बोलण्याच्या उपचारानेही भागतं, मध्यम आणि तीव्र असेल तर दोन्ही लागू शकतं. पहिल्या भेटीत डॉक्टर एक प्रश्न विचारतीलच, आणि त्याचं उत्तर घरच्यांनी खरं द्यावं: आधी कधी याच्या अगदी उलट झालं होतं का? म्हणजे झोप नको, पैसा उधळणं, बोलणं थांबत नाही, अंगात वारं शिरल्यासारखा उत्साह, असे दिवस. तसं असेल तर तो आजार वेगळा, औषधंही वेगळी. नुसती नैराश्याची गोळी दिली तर तो उत्साहाचा झटका पुन्हा येऊ शकतो.

गोळ्यांबाबत काकांचा पहिला प्रश्न होता, "सवय लागेल का?" दारू-तंबाखूची लागते तशी सवय या गोळ्यांची लागत नाही. तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण एकदम बंद केल्या तर शरीर कुरकुरतं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मला चौथ्या महिन्यात छान वाटायला लागलं आणि मी कुणालाही न विचारता गोळी बंद केली. तीन दिवसांत चक्कर, मळमळ, आणि मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं. ते पंधरा दिवसांत गेलं. दोन महिन्यांनी मात्र आजार उलटला, आणि दुसऱ्या वेळी सावरायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. पूर्ण बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची आणि मग डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू उतरवायची, हा नियम कशासाठी आहे ते मला तेव्हा कळलं.

दुसरा प्रश्न, "आठ दिवस झाले, काहीच फरक नाही." बहुतेक गोळ्यांचे त्रास आधी येतात आणि गुण नंतर. पहिल्या आठवड्यात मळमळ, पोट बिघडणं, अस्वस्थ वाटणं. गुण दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता यायला सहा ते आठ. हे आधी कुणी सांगितलं नाही तर माणूस दहाव्या दिवशी पाकीट कचऱ्यात टाकतो. काकांना मी म्हटलं, "काका, छाटणी करून पेस्ट लावली की बाग कशी दिसते?" म्हणाले, "नुसती लाकडं." "मग चौथ्या दिवशी वेल उपटून बघता का, डोळा फुटला का नाही म्हणून?" ते हसले नाहीत. पण गोळ्या चालू राहिल्या.

त्र्यंबकेश्वराच्या पायथ्याशी राहणारे आपण. घरात असं काही झालं की नारायण नागबळी, कालसर्प, वणीच्या देवीचा नवस हे विषय निघणारच. मी कुणाला पूजा करू नका असं सांगत नाही. रुग्णाचा विश्वास असेल तर त्याला धीर मिळतो, आणि चार नातेवाईक त्याच्यासाठी एकत्र येतात हेही थोडं नाही. दोनच गोष्टी सांगते. पूजेसाठी गोळी थांबवायची नाही, आणि पूजेनंतरही बरं वाटलं नाही तर "तुझीच श्रद्धा कमी" असं म्हणायचं नाही. "लग्न करून द्या, सुधारेल" या सल्ल्याबाबत मात्र मला मधला मार्ग दिसत नाही. आजारी माणसावर संसाराचं ओझं टाकणं आणि अनोळखी मुलीला किंवा मुलाला अंधारात ठेवणं, दोन्ही अन्याय आहे.

घरच्यांनी काय करायचं

मला खरं म्हणजे याबद्दलच लिहायचं होतं. शनिवारी येणारे लोक "काय बोलू?" असं विचारत येतात. त्यांना एखादं वाक्य हवं असतं, जे ऐकून माणूस उठून बसेल. असं वाक्य नाही. उलट आपण चांगल्या मनाने जे बोलतो त्यातलं पुष्कळ आजाराच्या पथ्यावर पडतं.

"तुला काय कमी आहे?" हेच घ्या. बोलणाऱ्याला म्हणायचं असतं की तुझ्या आयुष्यात चांगलं पुष्कळ आहे, त्याकडे बघ. ऐकणाऱ्याच्या मनात आजाराने आधीच एक वकील बसवलेला असतो, तो चोवीस तास त्याच्याच विरोधात पुरावे गोळा करत असतो. हे वाक्य त्या वकिलाच्या हाती पडतं. खरंच की, काही कमी नाही, नवरा चांगला, मुलं गुणी, तरी मी अशी. म्हणजे दोष माझ्यातच. मी हा हिशेब रोज रात्री मांडत होते. "पॉझिटिव्ह विचार कर" हेही तसंच. जमलं असतं तर केलाच असता. ज्याला जमत नाही त्याला ते पुन्हा पुन्हा सांगणं म्हणजे ताप आलेल्याला "अंग थंड ठेव" म्हणण्यासारखं.

ब्रिटनमधला १९८९ सालचा एक अभ्यास आहे, जिल हूली आणि जॉन टीसडेल यांचा. नैराश्यासाठी रुग्णालयात राहून सावरलेले विवाहित रुग्ण त्यांनी घेतले आणि कुणाचा आजार पुन्हा उलटतो ते बघितलं. घरातलं वातावरण मोजण्याच्या लांबलचक पद्धती होत्या. पण सगळ्यात चांगला अंदाज कशावरून आला, तर रुग्णाला विचारलेल्या एका प्रश्नावरून: तुमचा जोडीदार तुम्हाला किती दोष देतो, किती टोकतो? अभ्यास छोटा होता. जोडीदार खरंच किती टोकतो याचं मोजमाप तिथे नव्हतं, रुग्णाला ते किती जाणवतं याचं होतं. शनिवारी मी हे सांगते तेव्हा हॉलमधले नवरे-बायका एकमेकांकडे बघतात. मला कुणाला अपराधी वाटायला लावायचं नसतं. घरातल्या बोलण्यालाही वजन आहे, एवढं कळावं म्हणून सांगते.

माझ्या बाबतीत हे कुणाला सर्वात आधी उमगलं असेल तर ते माझ्या नणंदेला, आणि तिने कुठलाही अभ्यास वाचला नव्हता.

त्या दिवसांत मी सकाळी दुधाची पिशवी हातात घेऊन ओट्यापुढे उभी राहायची. कात्री समोर असायची. पिशवी कापायची, दूध पातेल्यात ओतायचं, गॅस लावायचा, यातलं आधी काय हेच सुचायचं नाही. एकदा पिशवीचं थंड पाणी कोपरापर्यंत ओघळून साडी भिजली, तेव्हा कळलं की बराच वेळ गेलाय. नवरा विचारायचा, "काय होतंय तुला?" त्याचा आवाज काळजीचाच असायचा, पण त्याला उत्तर हवं असायचं आणि माझ्याकडे ते नव्हतं.

नणंद पंचवटीत राहते. तिने एका मंगळवारी फोन केला, "वहिनी, तासभर येते. काही बोलायचं नाहीये." येताना मेथीच्या दोन जुड्या घेऊन आली. पेपर पसरला, एक जुडी स्वतःपुढे ठेवली, एक माझ्यापुढे, आणि निवडायला लागली. मी हात लावला नाही. तासाभराने तिने दोन्ही जुड्या निवडून संपवल्या, देठं पेपरात गुंडाळली, "येते हं," म्हणाली आणि गेली. पुढच्या मंगळवारी पुन्हा. तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी माझा हात जुडीकडे गेला. चारपाच काड्या निवडल्या असतील. तिने मान वर करूनही बघितलं नाही, शाबासकी दिली नाही. नखात मेथीचा हिरवा रंग राहिला होता, तो मी संध्याकाळी बघत बसले. त्या दिवशी मी काहीतरी केलं होतं.

या पद्धतीला शास्त्रीय नाव आहे, हे मला फार नंतर कळलं. बिहेवियरल ॲक्टिव्हेशन. साधा विचार असा: नैराश्यात माणूस कामं सोडतो, कामं सुटली की समाधान आणि माणसांचा सहवास सुटतो, ते सुटलं की मन आणखी खचतं आणि आणखी कामं सुटतात. हे चक्र मनाकडून तोडणं कठीण, कृतीकडून तोडणं त्यातल्या त्यात सोपं. उत्साह येईल मग करू, असं म्हणून चालत नाही, कारण उत्साह करण्यातून उशिरा येतो. म्हणून काम अगदी लहान करायचं, वेळ ठरवायची, आणि सोबत कुणीतरी असायचं. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत याची चाचणी घेतली, ती २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवलेल्या स्थानिक लोकांनी सहा ते आठ भेटींत ही पद्धत वापरली आणि तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांनाही तिचा फायदा झाला. झिम्बाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून अशाच प्रकारचं काम आज्यांकडे सोपवलं. दवाखान्याबाहेरच्या लाकडी बाकावर आजी बसते, शेजारी रुग्ण. तिथल्या शोना भाषेत या आजाराला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडच्या बायकाही डॉक्टरांना हेच सांगतात: "फार विचार येतात हो."

काम किती लहान? शनिवारी मी लोकांना म्हणते, तुम्हाला जे लहान वाटतंय त्याच्या निम्मं करा. "रोज सकाळी गोल्फ क्लब मैदानावर फिरायला चल" हे मोठं आहे. "चप्पल घाल, गेटपर्यंत जाऊ" हे बरोबर. पुढच्या आठवड्यात मैदानावर एक फेरी आणि मग टपरीवर चहा. फेरी झाली नाही तर नुसता चहा. काकांच्या मुलाला मी सांगितलं, नानांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, बागेची जबाबदारी परत देऊ नका आणि बागेतून पूर्ण बाजूलाही करू नका. सकाळी ठिबकचा एक कॉक त्यांनी उघडायचा, बस्स.

प्रश्नही लहान हवेत. निर्णय घेता न येणं ही आजाराचीच खूण आहे, त्यामुळे "आज काय करू जेवायला?" हा साधा प्रश्नही डोंगर होतो. "वरणभात टाकते, तूप घालू का?" इथे हो-नाही पुरतं. "काही लागलं तर सांग" असं म्हणून निघून जाणारे खूप असतात, आणि ते मनापासूनच म्हणतात. पण काय लागतंय हे ओळखायचं, मग फोन उचलायचा, मग मागायचं, एवढी ताकद असती तर माणूस आजारी नसता. त्यापेक्षा "गुरुवारी अपॉइंटमेंट घेतली आहे, साडेदहाला न्यायला येते, फाइल मी घेते" असं सांगा.

आणि ऐकणं. शेजारी बसल्यावर कधीतरी माणूस बोलतो. तेव्हा आपल्या पोटात तोडगे उसळतात, ते दाबून धरावे लागतात. "हं." "मग?" "फार जड जात असेल." इतकंच. माझ्या नवऱ्याला हे शिकायला वर्ष लागलं. तो इंजिनिअर आहे, सातपूरला मशीन दुरुस्त करतो, बिघाड ऐकला की पाना शोधतो. एका रात्री मी रडत होते तेव्हा तो शेजारी बसून राहिला आणि शेवटी म्हणाला, "मला काय करावं कळत नाहीये, पण मी इथेच आहे." त्या पूर्ण वर्षात त्याने बोललेलं सर्वात उपयोगी वाक्य तेच होतं.

एक गोष्ट विचारायचीच

मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारायचं. विचारल्याने डोक्यात नसलेलं डोक्यात येतं ही भीती निराधार आहे, अभ्यासांतून ती वारंवार खोटी ठरली आहे. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं, कारण इतके दिवस ते एकट्याने वागवत असतात. आडून विचारू नका, "असलं काही नाही ना मनात?" असंही नको, कारण त्यात "नाही" हे उत्तर आधीच घातलेलं आहे. "इतकं नकोसं होतं का, की जीव द्यावा असं वाटतं?" असं शांतपणे विचारा. हो म्हणाले तर ओरडू नका, शपथा घालू नका, पोराबाळांची आण देऊ नका. "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा, त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्र असेल तर १४४१६ लावा, धोका समोर दिसत असेल तर थेट जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. "कुणाला सांगू नकोस" असं वचन मात्र देऊ नका. तेवढं एक वचन देता येत नाही, हे प्रेमाने सांगता येतं.

आपला जिल्हा फवारणीचा आहे. घरोघर, शेडमध्ये, कधी पलंगाखालीसुद्धा फवारणीची औषधं असतात. घरात कुणी खचलेलं असेल तर ती त्या घरातून हलवा. भावाच्या शेडमध्ये ठेवा, कुलूप लावा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. "ज्याला करायचं तो काहीही करेल" असं लोक म्हणतात, पण तसं होत नाही. आत्महत्येची तीव्र लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसेल तर जीव वाचतो. श्रीलंकेने सर्वात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. मनाच्या गोळ्यांचं पाकीटही सुरुवातीला घरातल्या दुसऱ्या माणसाने सांभाळावं. गोळी सुरू केल्यावरचे पहिले काही आठवडे, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींच्या बाबतीत, जास्त लक्ष ठेवायचं.

पोलिसांच्या भीतीने लोक लपवतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, आणि तिची काळजी घेणं, तिच्यावर उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं. याच कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला विमा कंपन्यांना सांगितलं आहे. पॉलिसी असेल तर विचारून घ्या.

सावरणं सरळ रेषेत होत नाही, हे घरच्यांना सर्वात जास्त छळतं. चार दिवस बरे जातात, माणूस स्वतःहून अंघोळ करतो, नातवाला शाळेत सोडतो, आणि पाचव्या दिवशी पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपतो. "काल तर चांगला होतास!" असं तोंडातून निघतंच. त्याने तो आणखी आत जातो, आणि पुढच्या वेळी बरं वाटलं तरी दाखवत नाही, कारण दाखवलं की अपेक्षा वाढतात. त्यापेक्षा महिन्याने मागे वळून बघा. गेल्या महिन्यात पडून राहायचे दिवस किती होते, या महिन्यात किती.

पहिल्यांदा बरे झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना आयुष्यात पुन्हा एकदा तरी हा आजार गाठतो. हे ऐकायला जड आहे, पण माहीत असलेलं बरं. माझ्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे, माझ्याच अक्षरात. "फोन वाजतो आणि उचलावासा वाटत नाही. पेपर घडी न मोडता साठतात. केस धुवायचं राहून जातं. पहाटे जाग." यातल्या दोन गोष्टी आठवडाभर दिसल्या तर नवऱ्याने मला न विचारता डॉक्टरांची वेळ घ्यायची, असं आमचं ठरलंय. मी बरी असताना ठरवलंय, म्हणून तेव्हा मला त्याचा राग येत नाही. नऊ वर्षांत दोनदा त्याने ती घेतली आहे.

आणि काळजी घेणाऱ्याची काळजी. काकांच्या घरी मी गेले तेव्हा काकू ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. वर्षभर पहाटे तीनला काकांबरोबर त्याही जाग्या होत्या. मी सहज विचारलं, "काकू, तुमची झोप होते का?" तर हातातलं सूप बाजूला ठेवून त्या पदराने डोळे पुसायला लागल्या. त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यानंतर आठवड्यातून दोन रात्री थोरला मुलगा काकांच्या खोलीत झोपायला लागला आणि काकू सुनेजवळ. एवढीच वाटणी, पण त्याने ते घर टिकलं. एकट्या माणसाच्या खांद्यावर हे काम टाकू नका, तो खांदाही माणसाचाच आहे.

काकांच्या मुलाचा गेल्या महिन्यात फोन आला. गोळ्या सुरू होऊन सात महिने झालेत, डोस तोच आहे, पाठ अजून कधीकधी दुखते. म्हणाला, "ताई, रविवारी नाना स्वतःच म्हणाले, चल, गाडी काढ. मिसळ अर्धीच खाल्ली. पण रस्सा दोनदा मागितला."